सुट्या गोळ्या आणि एक कप चहा: ब्रिटनच्या हाय स्ट्रीटवरून गेलेल्या दुकानांचं परीक्षण

ब्रिटनमध्ये गावातल्या मुख्य बाजाररस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी गाव कुठलंही असो, त्या रस्त्यावर ठरावीक पाट्या दिसायच्याच: वूलवर्थ्स, बर्टन, बूट्स, टिमथी व्हाइट्स, ब्रिटिश होम स्टोअर्स, कोपऱ्यावर विम्पी. बूट्ससारखी मोजकी टिकली, बाकीची गेली. त्यांची आठवण काढणारे लोक लाल पाटीबद्दल, गोळ्यांच्या वासाबद्दल, वाढणाऱ्या मुलीच्या पांढऱ्या एप्रनबद्दल बोलतात. ती हुरहूर खरी आहे. पण ही दुकानं चालायची कशी, त्यांत चांगलं काय होतं, वाईट काय होतं आणि ती नेमकी कशामुळे बसली, हे उकलून पाहिलं की त्या हुरहुरीचा उगम कळतो.

परीक्षणाला कसोटी एकच लावली आहे. खिशात चार पैसे असलेलं माणूस दारातून आत आलं. त्याला काहीतरी सुटं हवं आहे: वजनाने पाव पौंड गोळ्या, दोऱ्याचं एक रीळ, एक कप चहा. त्याला इथे कसं वागवलं जायचं? आणि एवढ्याशा विक्रीवर दुकानाला पैसे कसे सुटायचे?

या कसोटीवर सगळ्यांत वर वूलवर्थ्स. मूळ कंपनी अमेरिकन. ब्रिटनमधलं पहिलं दुकान लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर ५ नोव्हेंबर १९०९ रोजी उघडलं. तीन पेनी आणि सहा पेनी या दोनच किमतींवर दुकान उभं होतं. जुन्या हिशोबात १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे एका पौंडात सहा पेनींच्या ४० वस्तू. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान नाणी आली तेव्हा हेच सहा पेनी अडीच नव्या पेनींच्या भावाने धरले गेले.

किंमत आधी बांधून घेतली की माल त्या किमतीत बसवावा लागतो. जी वस्तू सहा पेनींत बसत नसे तिचे भाग वेगळे करून विकले जात: भांडं सहा पेनी, त्याचं झाकण सहा पेनी. यात गिऱ्हाईकाची खरी सोय होती. या आठवड्यात भांडं घ्यावं, पुढच्या आठवड्यात झाकण घ्यावं, आणि झाकण हरवलं तर नुसतं झाकण आणावं. तोटाही होता. सगळे भाग मिळून किती झाले हे घरी आल्यावर कळायचं, आणि किमतीत बसवण्यासाठी पत्रा पातळ केलेला असायचा. दुसऱ्या महायुद्धात भाव चढले आणि सहा पेनींची मर्यादा सोडावी लागली, पण सुटं विकण्याची सवय दुकानात पुढे कित्येक दशकं राहिली.

किमतीइतकीच मोठी गोष्ट होती मांडणी. त्या काळी बहुतेक दुकानांत माल गल्ल्यामागे असायचा. मागायचा, दाखवून घ्यायचा, आणि न घेता निघायचं म्हणजे चारचौघांत अवघडल्यासारखं व्हायचं. वूलवर्थ्समध्ये माल उघड्या टेबलांवर, काचेच्या बुटक्या पट्ट्यांनी कप्पे पाडून मांडलेला, प्रत्येक कप्प्यावर किमतीची चिठ्ठी. आत यावं, हात लावून पाहावं, काही न घेता निघून जावं. कोणी विचारणार नाही. गरीब माणसाला भाव विचारायची लाज वाटू न देणारं दुकान, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

ही टेबलं बेटासारखी चौकोनी असत. मधल्या मोकळ्या जागेत विक्रेती उभी, तिचा गल्ला तिच्याजवळच. तिच्या बेटावर ठरावीक माल असल्यामुळे तिला तो पाठ असायचा: कुठला फ्यूज कशाला लागतो, कुठलं बटण कुठल्या जाडीच्या कापडाला चालतं. अडचण अशी की तीन बेटांवरच्या तीन वस्तू घेतल्या तर तीनदा रांगेत उभं राहायचं आणि तीनदा पैसे द्यायचे. १९५०च्या दशकापासून दुकानं हळूहळू स्वयंसेवा पद्धतीकडे वळली. गल्ले दाराशी गेले आणि रांग एकच झाली. पण फ्यूज ओळखणारी बाईसुद्धा दाराशी गेली, आणि तिथे ती फक्त किंमत वाचू लागली. वूलवर्थ्सची घसरण २००८ पासून सांगितली जाते. माझ्या मते पहिली पायरी ही होती.

आता गोळ्या. ब्रिटनमध्ये गोड पदार्थांवरचं रेशनिंग ५ फेब्रुवारी १९५३ रोजी उठलं आणि मुलांना हवी ती गोळी हवी तितकी घेता येऊ लागली. वूलवर्थ्सचा ‘पिक अँड मिक्स’ विभाग म्हणजे झाकणांच्या पारदर्शक डब्यांची भिंत, प्रत्येक डब्यात एक प्रकार, साखळीला बांधलेला डाव किंवा चिमटा, कागदी पिशव्यांची चवड आणि शेवटी वजनकाटा. भाव सगळ्यांना एकच, वजनावर. त्यामुळे काय घ्यायचं हे ज्याला कळायचं त्याची पिशवी भरायची. फेस फेटून केलेल्या मऊ गोळ्या, झिंग्याच्या आकाराच्या गुलाबी गोळ्यांसारख्या, यांत हवाच जास्त. शंभर ग्रॅममध्ये त्या भरपूर येतात. टॉफी, चॉकलेट लावलेले शेंगदाणे आणि उकळलेल्या साखरेच्या टणक गोळ्या वजनदार. त्याच शंभर ग्रॅममध्ये मोजक्याच. नग हवे असतील तर फेसाच्या गोळ्या, पैशाला पदार्थ हवा असेल तर शेंगदाणे.

दुकानदाराच्या बाजूने हा विभाग फार सोयीचा होता. साखर स्वस्त, वेष्टनाचा खर्च नाही, निवडायचं आणि भरायचं काम गिऱ्हाईकाकडे. शिवाय पिशवी भरताना हात नेहमी थोडा पुढे जातो आणि काट्यावर ठेवल्यावर परत काढून ठेवायला कोणी तयार नसतं. पण काळजी घेतली नाही तर माल लगेच बिघडतो. हवेत दमटपणा असेल आणि झाकणं उघडी राहिली तर उकळलेल्या साखरेच्या गोळ्या चिकटून त्यांचा गोळा होतो. पेपरमिंटचा डबा दुधाळ गोळ्यांच्या शेजारी ठेवला तर चार दिवसांत सगळ्यालाच पेपरमिंटचा वास लागतो. म्हणून मिंट एका टोकाला, मध्ये टणक गोळ्या, दुसऱ्या टोकाला चॉकलेट. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे डबा अर्धा झाला की वरून नवीन माल ओतणं. तळाचा थर तसाच राहतो आणि शिळा होतो. योग्य पद्धत म्हणजे डबा रिकामा करून धुवायचा, कोरडा करायचा, नवीन माल खाली घालायचा आणि जुना वर. कर्मचारी कमी झाले की पहिल्यांदा हेच काम मागे पडतं. अशा कुठल्याही दुकानाची प्रकृती पाहायची असेल तर गोळ्यांच्या डब्याचा तळ पाहावा.

१९५८ मध्ये ब्रायटनजवळच्या पोर्टस्लेडला या साखळीचं हजारावं दुकान उघडलं. पन्नास वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे देणी न पेलणाऱ्या कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्यांच्या, ताब्यात गेली. तेव्हा दुकानं होती ८०७ आणि कर्मचारी सुमारे २७,०००. शेवटची दुकानं ६ जानेवारी २००९ रोजी बंद झाली. शेवटी तर फळ्या, टोपल्या, पायऱ्यांचे स्टूलसुद्धा विकायला काढले होते.

लोक म्हणतात, इंटरनेटने मारलं. इंटरनेटचा वाटा आहेच, कारण वूलवर्थ्सच्या विक्रीत गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या चकत्यांचा (सीडी-डीव्हीडींचा) हिस्सा मोठा होता. पण हिशोबाच्या वह्या उघडल्या की दुसरीच गोष्ट पुढे येते. २००१ मध्ये किंगफिशर या पालक कंपनीने वूलवर्थ्सला वेगळं काढलं. त्याआधी १८२ दुकानांच्या इमारती ६१.४ कोटी पौंडांना विकल्या आणि त्याच इमारती वूलवर्थ्सने भाड्याने घेतल्या. पैसे पालक कंपनीकडे गेले, भाडं दुकानाच्या माथी आलं. सहा पेनींची विक्री सोसण्याची ताकद वूलवर्थ्सला कुठून मिळत होती? बऱ्याच ठिकाणी भर बाजारातली जागा घरची होती, तिथून. घरच्या जागेत दोऱ्याच्या रिळाला फळीवर जागा देता येते. भाडं चढत असेल तर त्या फळीच्या प्रत्येक फुटाने किती कमावलं हे मोजावं लागतं, आणि रीळ त्या मोजणीत कधीच पास होत नाही.

२००८ च्या शरद ऋतूत शेवटचा धक्का पुरवठादारांच्या विम्यातून आला. दुकानाला उधारीवर माल देणारे पुरवठादार, पैसे बुडाले तर भरपाई मिळावी म्हणून विमा घेतात. विमा कंपन्यांनी वूलवर्थ्सचं नाव त्या विम्यातून काढलं. पुरवठादार रोखीने पैसे मागू लागले, आणि तेही नाताळचा माल भरायच्या दिवसांत, जेव्हा रोकड सगळ्यांत कमी असते. याच समूहातली एंटरटेनमेंट यूके ही कंपनी इतर दुकानांनाही चकत्या पुरवत होती. तीही बसली, आणि तिच्यावर अवलंबून असलेली झॅवी ही संगीताच्या दुकानांची साखळी २४ डिसेंबर २००८ रोजी प्रशासकांकडे गेली.

परदेशात वूलवर्थ्सची पाटी पाहून घोटाळा होतो म्हणून एवढं लक्षात ठेवावं. ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्सचा या कंपनीशी संबंध नाही. तिथल्या लोकांनी १९२४ मध्ये हे नाव घेतलं. जर्मनीतलं वूलवर्थ मूळ त्याच अमेरिकन घराण्याचं, पण मालक केव्हाच बदलले.

खाण्यापिण्याच्या साखळ्यांत पहिला मान लायन्सचा. पहिलं चहाचं दुकान १८९४ मध्ये लंडनच्या २१३ पिकॅडिली इथे उघडलं. पांढरी-सोनेरी पाटी, स्वच्छ संगमरवरी टेबलं, भाव सगळीकडे सारखे. एकट्या बाईला निर्धास्त बसून चहा घेता येईल अशा जागा तेव्हा लंडनमध्ये कमी होत्या, आणि लायन्सची दुकानं त्याच गरजेवर वाढली. भरात असताना अशी सुमारे अडीचशे दुकानं होती. याखेरीज तीन प्रचंड ‘कॉर्नर हाउस’: कॉव्हेंट्री स्ट्रीट (१९०९), स्ट्रँड (१९१५) आणि टॉटनहॅम कोर्ट रोड (१९२८). तळमजल्यावर खाद्यपदार्थांची विक्री, वर मजल्यामजल्यावर वेगळं उपाहारगृह आणि वाद्यवृंद. एक कप चहा आणि बन घेतलेलं माणूसही तेच संगीत ऐकत बसे.

लायन्सच्या वाढणाऱ्या मुलींना १९२६ पासून ‘निपी’ म्हणू लागले, चटपटीत या अर्थाने. त्याआधी त्यांना सरसकट ‘ग्लॅडिस’ म्हणत. काळा पोशाख, पुढे मोत्याच्या बटणांच्या दोन रांगा, आणि ती बटणं लाल दोऱ्याने शिवलेली. लांबून न दिसणारा तो लाल टाका जवळ आल्यावर दिसायचा. पुढच्या स्वस्त गणवेशांत अशी कलाकुसर कोणी ठेवली नाही.

खरं कौतुक मात्र पडद्यामागच्या कारभाराचं. चहाच्या दुकानाचा धंदा पेनींवर चालतो. बन दहा जास्त गेले की दिवसाचा नफा संपला, दहा कमी पडले की गिऱ्हाईक गेलं. म्हणून लायन्सने केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या संगणकाला पैशांची मदत केली आणि त्याच्या धर्तीवर स्वतःचा ‘लिओ’ संगणक बांधला. १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब सुरू झाला. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला हा जगातला पहिला संगणक मानला जातो. पुढे त्यावर दुकानांच्या मागण्याही आल्या. पद्धत सुटसुटीत होती. प्रत्येक दुकानाची वारानुसार कायमची मागणी यंत्रात भरलेली. दुपारी ठरलेल्या वेळी मुख्य कचेरीतून व्यवस्थापिकेला फोन जायचा, आणि तिने त्या मागणीत होणारे फरक तेवढे सांगायचे: उद्या पाऊस दिसतोय, आइस्क्रीम कमी, सूप जास्त. फोन ऐकतानाच ते फरक कार्डांवर छिद्रं पाडून नोंदले जात आणि रात्रीत गाड्या भरण्याचे कागद तयार. पूर्ण यादी रोज सांगायला लावली असती तर चुकाही रोज झाल्या असत्या.

तरीही दुकानं गेली. दुसऱ्या महायुद्धापासून माणसं मिळेनात म्हणून वाढणं बंद करून ट्रे घेऊन रांगेत उभं राहण्याची पद्धत आली. चहा तोच, पण तो कोणी आणून देत नव्हतं, आणि रांगेत उभं राहायचंच असेल तर स्वस्त पर्याय शेजारी होते. वर १९७०च्या दशकात कंपनीने परदेशी चलनांत मोठी कर्जं काढली, पौंड घसरला, आणि परतफेड पेलवेनाशी झाली. कॉर्नर हाउसचा कारभार १९७७ मध्ये आटोपला, आणि १९७८ मध्ये लायन्स अलाइड ब्रुअरीज या बिअर कंपनीच्या ताब्यात गेली.

विम्पी ही लायन्सचीच देणगी. नाव अमेरिकन, पण ब्रिटनमधलं पहिलं विम्पी १९५४ मध्ये कॉव्हेंट्री स्ट्रीटच्या कॉर्नर हाउसमध्येच सुरू झालं. बर्गरची साखळी म्हटल्यावर आज डोळ्यांसमोर येतं तसं इथे नव्हतं. गिऱ्हाईक टेबलाशी बसायचं, चित्रांचं मेनूकार्ड हातात, वाढणारी मुलगी मागणी लिहून न्यायची, आणि बर्गर चिनीमातीच्या ताटलीत काट्या-सुरीसह यायचा. टेबलावर टोमॅटोच्या आकाराची केचपची लाल बाटली. तवा बहुधा दर्शनी खिडकीजवळ, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला मांस परतताना दिसावं.

विम्पीची खरी ओळख म्हणजे ‘बेंडर’. फ्रँकफर्टर सॉसेजला एका बाजूने ठरावीक अंतरावर आडवे छेद द्यायचे. गरम तव्यावर छेद असलेली बाजू उघडते, अखंड बाजू ताणून धरते, आणि सॉसेज वाकून कड्यासारखं गोल होतं. मग ते गोल बनमध्ये नीट बसतं. मधल्या भोकात टोमॅटोची अर्धी फोड. छेद उथळ असेल तर सॉसेज अर्धवट वाकून बनबाहेर येतं. फार खोल गेला तर तुकडे पडतात. निम्म्याहून थोडं जास्त खोल, पण पाठ शाबूत, हे प्रमाण. तवा पुरेसा तापला नसेल तर छेद उघडायच्या आधीच सॉसेज कोरडं होतं. एकाच आकाराचा बन बर्गरलाही आणि सॉसेजलाही चालवण्याची ही युक्ती, बेकरीची एक मागणी वाचवणारी. लायन्सच्या घरातच सुचावी अशी.

विम्पीची आठवण काढताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. मध्यरात्रीनंतर एकट्या आलेल्या स्त्रियांना तिथे वाढलं जात नसे. रात्री एकटी बाई म्हणजे वेश्या असणार असं गृहीत धरलं जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला. लायन्सच्या चहाच्या दुकानांनी एकट्या स्त्रीला जागा दिली होती, त्याच घरातून निघालेल्या साखळीने ती रात्री काढून घेतली. या बाबतीत विम्पीला गुण देता येत नाहीत.

१९७४ मध्ये लंडनच्या वूलिचला मॅकडॉनल्ड्स आलं. तिथे ताटली नाही, काटा-सुरी नाही, वाढणं नाही, आणि बर्गर मिनिटांत हातात. टेबलाशी वाढण्याची पद्धत अशा गतीशी टक्कर देऊ शकत नाही, कारण बसलेलं गिऱ्हाईक खुर्ची अडवतं. विम्पीने काही दुकानं गल्ल्यावरच्या विक्रीची केली. १९८९ मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटन या हॉटेल आणि मद्याच्या समूहाने विम्पी घेतली. बर्गर किंगही त्यांचंच असल्यामुळे गल्ल्यावर विकणारी दुकानं बर्गर किंग झाली आणि टेबलवाली मागे उरली. त्यातली काही अजून चालू आहेत.

बर्नी इनचा विचार वेगळ्या बाजूने करायला हवा, कारण तिथे माणूस एक कप चहाला जात नसे. ते वर्षातून चारदा जेवायला जायचं ठिकाण. पण थोडक्या पैशांची कसोटी तिथेही लागते. ब्रिटनमध्ये मांसाचं रेशनिंग ४ जुलै १९५४ रोजी संपलं, आणि त्यानंतर लवकरच ब्रिस्टलमध्ये फ्रँक आणि आल्डो बर्नी या भावांनी जुन्या ‘रमर’ पबमध्ये स्टेकचं उपाहारगृह काढलं. ठरलेलं जेवण साडेसात शिलिंगांना: स्टेक, बटाट्याच्या काचऱ्या, वाटाणे, पाव-लोणी आणि शेवटी चीज किंवा आइस्क्रीम. बिल किती येणार हे दारातच माहीत. उपाहारगृहात कधी पाऊल न टाकलेल्या कुटुंबाची सगळ्यांत मोठी भीती तीच असते, आणि ती या भावांनी बरोबर ओळखली होती. पुढे झिंग्यांचं कॉकटेल आणि ब्लॅक फॉरेस्ट केक यांनी मेनू पूर्ण केला.

किंमत खाली ठेवायची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. मेनू आखूड, म्हणजे नासाडी कमी. पदार्थ असे की खानसाम्याची गरज नाही. भाजणं आणि तळणं जमणारं माणूस पुरे. स्वयंपाकघर लहान, म्हणजे बसायला जागा जास्त. टेबलं लाकडाची, वर कापड नाही, म्हणजे धुलाईचा खर्च नाही. उतारही याच रीतीत होता. सगळं गोठवलेलं आणि मापून आलेलं असलं की चव माल वितळवणाऱ्याच्या हातात जाते. गोठलेला क्रीमचा केक फ्रीजमध्ये रात्रभर हळूहळू वितळवायचा असतो. घाईत बाहेर उबेत ठेवला की क्रीम पाणी सोडतं आणि चेरीचा रस खालच्या थरात उतरून केक लगदा होतो. बर्नी इन १९७० मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटनकडे गेलं, १९९० मध्ये व्हिटब्रेड या बिअर आणि उपाहारगृहांच्या कंपनीकडे, आणि मग पाट्या बदलल्या.

लिटल शेफ हे साखळी उपाहारगृह हाय स्ट्रीटवर नसायचं, हमरस्त्याच्या कडेला असायचं. पण त्याचा उल्लेख टाळता येत नाही. १९५८ मध्ये रेडिंगला ११ खुर्च्यांनी सुरुवात झाली आणि पुढे चारशेच्या वर शाखा झाल्या. दिवसाच्या कुठल्याही वेळी मिळणारा ‘ऑलिंपिक ब्रेकफास्ट’ ही त्याची खासियत. मोटरवे झाले, त्यांवरच्या विसाव्याच्या ठिकाणी एका छताखाली सगळं मिळू लागलं, आणि २०१८ मध्ये पाटी उतरली.

कपड्यांत बर्टनने मापाचा सूट कामगाराच्या आवाक्यात आणला. गावातल्या दुकानात माप घ्यायचं, कापड निवडायचं, आणि शिवण मात्र लीड्सच्या हडसन रोडवरच्या प्रचंड कारखान्यात. वरच्या मजल्यावर अनेक ठिकाणी बिलियर्डची दालनं भाड्याने दिलेली, म्हणजे तरुण मुलं रोज त्याच दारातून ये-जा करणार. बर्टन ज्या आर्केडिया समूहात होतं तो ३० नोव्हेंबर २०२० रोजी कोसळला.

ब्रिटिश होम स्टोअर्स, म्हणजे बीएचएस, १९२८ मध्ये ब्रिक्स्टनला सुरू झालं. वूलवर्थ्सची मर्यादा सहा पेनी होती, यांनी ती एक शिलिंग ठेवली. लोकांना त्याचा दिव्यांचा विभाग आठवतो. छतभर झुंबरं, सगळी पेटलेली, त्यामुळे खाली चांगलीच ऊब. दिवा विकण्याची योग्य रीत तीच आहे. बंद दिव्यावरून छटेचा रंग आणि भिंतीवरचा प्रकाश कळत नाही. पेटलेला पाहिला तरच कळतो. मार्च २०१५ मध्ये ही कंपनी एक पौंडाला विकली गेली. एप्रिल २०१६ मध्ये ती प्रशासकांकडे गेली आणि २८ ऑगस्टला शेवटची दुकानं बंद झाली. १६४ दुकानं, सुमारे ११,००० नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन निधीत ५७.१ कोटी पौंडांची तूट. संसदेत चौकशी झाली आणि २०१७ मध्ये आधीच्या मालकाने ३६.३ कोटी पौंड निधीत भरले. इथे हळहळ दुकानापेक्षा तिथे आयुष्य काढलेल्या लोकांसाठी जास्त वाटते.

इतकी वेगवेगळी दुकानं एकाच पद्धतीने का बसत गेली हे समजायला भाड्याचं वेळापत्रक माहीत हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुकानाचं भाडं परंपरेने तिमाहीला आगाऊ भरायचं: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. या तारखांच्या आसपास साखळ्या बंद पडल्याच्या बातम्या येतात, कारण तीन महिन्यांची मोठी रक्कम एका दिवशी काढावी लागते. जुने भाडेपट्टे लांब मुदतीचे, बहुधा २५ वर्षांचे, आणि दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार. त्या फेरविचारात भाडं वाढू शकतं किंवा तेवढंच राहू शकतं. कमी होत नाही. बाजार पडला, शेजारची चार दुकानं रिकामी झाली, तरी करार होता तसाच.

त्यावर ‘बिझनेस रेट्स’ हा कर, त्या वर्षांत जागेच्या ठरवलेल्या वार्षिक भाडेमूल्याच्या साधारण निम्मा. २०१० ची करमूल्यं एप्रिल २००८ च्या भाड्यांवर ठरली होती, म्हणजे पडझडीच्या अगदी आधीच्या शिखरावर. पुढचा फेरआढावा २०१५ मध्ये व्हायचा तो २०१७ पर्यंत लांबला. ज्या गावांत भाडी निम्म्यावर आली तिथल्या दुकानांनीही तोवर शिखराच्या हिशोबाने कर भरला. इंटरनेटवर माल विकणाऱ्याचं गोदाम शहराबाहेर, स्वस्त जागेत. त्याला हा भार इतका बसत नाही. दोघांच्या किमतींत जो फरक दिसतो त्यातला बराचसा इथून येतो.

दुकान बुडालं की नाव वेगळं विकलं जातं, आणि याने फसगत होते. वूलवर्थ्सचं नाव एका ऑनलाइन विक्रेत्याने घेतलं. संकेतस्थळ चाललं आणि २०१५ मध्ये बंद झालं. १७७८ पासूनचा वारसा सांगणारं डेबनम्स हे मोठं बहुविभागी दुकान मे २०२१ मध्ये हाय स्ट्रीटवरून गेलं, नाव बूहू या ऑनलाइन कपडे विक्रेत्याने घेतलं, आणि २०२५ मध्ये बूहू समूहाने स्वतःलाच ते नाव लावलं. पुस्तकं आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्या डब्ल्यूएच स्मिथची हाय स्ट्रीटवरची दुकानं २०२५ मध्ये विकली गेली. तिथे नाव मूळ कंपनीकडे राहिलं आणि दुकानांवर टीजी जोन्स अशी पाटी लागली. जुनं नाव पाहून जुनी सेवा मिळेल या आशेने खरेदी करू नये. परतीचे नियम, हमी, मालाचा दर्जा, सगळं नव्या मालकाचं असतं.

नाव नसताना दुकान टिकवण्याचा एक प्रयत्न झाला होता आणि तो जास्त मोलाचा वाटतो. डॉर्चेस्टरमध्ये वूलवर्थ्स बंद झाल्यावर तिथल्याच कर्मचाऱ्यांना घेऊन मार्च २००९ मध्ये त्याच जागेत ‘वेलवर्थ्स’ उघडलं. मालाची यादी जवळपास तीच, सुट्या गोळ्यांसकट. पुढे नाव ‘वेलचेस्टर’ झालं. २०१२ मध्ये तेही बंद झालं.

आज यातलं काही प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पाट्यांकडे न बघता वर बघावं. १९३० च्या सुमाराची, फिकट चकचकीत फरशा लावलेली, उभ्या पट्ट्या आणि पायऱ्यापायऱ्यांचा माथा असलेली रुंद इमारत, खाली बहुधा स्वस्त वस्तूंचं किंवा गोठवलेल्या अन्नाचं दुकान, ती जुनी वूलवर्थ्स असण्याची शक्यता बरीच. आइसलँड या गोठवलेल्या अन्नाच्या साखळीने एकट्याने ५१ दुकानं घेतली होती. बर्टन ओळखायला खाली वाकावं लागतं. दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी कोनशिला असते, आणि तिच्यावर बर्टन घराण्यातल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि वर्ष कोरलेलं: बार्बरा, रेमंड, आर्नोल्ड, स्टॅन्ली. संगीताच्या दुकानाची आठवण असेल तर लंडनच्या ३६३ ऑक्सफर्ड स्ट्रीटला जावं. १९२१ मध्ये संगीतकार एडवर्ड एल्गर यांच्या हस्ते उघडलेलं एचएमव्ही तिथून गेलं होतं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच पत्त्यावर परत आलं.

आणि टेबलाशी वाढणारं विम्पी सापडलं तर गर्दीची वेळ टाळून जावं, म्हणजे तव्याला आणि वाढणाऱ्याला सवड असते. मेनूवर बेंडर असेल तर तोच मागवावा, सोबत चहा, कपात. ताटली आली की बन उचलून पाहावं: सॉसेजचं कडं पूर्ण मिटलं असेल आणि छेदांच्या कडा खरपूस तपकिरी झाल्या असतील, तर तव्यावरच्या माणसाला काम येतं.